खोखा जमा करण्यापूर्वी

चांदमारी संपली की आपण वाकून रिकाम्या पुंगळ्या वेचतो. उस्ताद मोजतात, आकडा जुळतो, पिशवी बंद होते. एक खोखा कमी पडला तर सारी तुकडी थांबते, आणि ते योग्यच आहे. पण मोजणीपलीकडे त्या पुंगळीकडे कोणी पाहत नाही. जमा करण्यापूर्वी तिचा गळा वाचायला प्रत्येक छात्राला शिकवावे, असे माझे मत आहे.

पुंगळीच्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. गोळी सुटताना गळा फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसतो आणि वायूला मागे येऊ देत नाही. पुंगळ्या पुन्हा भरणारे परवानाधारक नेमबाज हा गळा साच्यात दाबून मूळ मापावर आणतात. दर वेळच्या फुगण्या-दबण्याने पितळ कडक होते आणि शेवटी गळ्याला उभी चीर जाते. तांबट भांडे ठोकताना मधूनमधून ताव देतो, तो याच कारणाने. पुंगळीला मात्र ताव द्यायचा तो गळ्याला आणि खांद्याला, बुडाला कधीच नाही. बूड मऊ पडले तर दाब सोसणार कोण? आणि ते असते नेमबाजाच्या चेहऱ्याजवळ.

दुसरी गोष्ट लांबीची. वारंवार वापराने पितळ पुढे सरकते आणि गळा लांबतो. लांबलेला गळा चेंबरच्या टोकाशी अडकून गोळीला आवळतो, दाब धोक्याच्या पातळीवर जातो. म्हणून गळा मापात कापून तोंडाची धार आतून-बाहेरून घासतात.

गळ्याचा सर्वांत मोठा धडा आपल्याच देशात मिळाला. इंग्रजी अमलात तबेल्यांत ठेवलेली काडतुसे पावसाळ्यात, एकही गोळी न झाडता, आपोआप तडकत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण या तिघांचे ते काम होते. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये ते उलगडले. ओरत्तनाडूच्या छात्राला हे समजायला वेळ लागू नये. इथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गोठ्याचा वास ओळखीचा आहे आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊसही. लष्करी रायफलीच्या अनेक नव्या काडतुसांच्या गळ्याशी दिसणारी निळसर-तपकिरी छटा हा डाग नव्हे; तो ताण काढण्यासाठी दिलेल्या तावाची खूण आहे.

काही पालक विचारतील, सैनिकाला नवी काडतुसे मिळतात, मग मुलांना हे कशाला? शिवाय कुतूहलापोटी कोणी घरी प्रयोग केला तर? शंका रास्त आहे. म्हणून मी भरायला नव्हे, पाहायला शिकवा म्हणतो. परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे, हे त्याच तासाला सांगावे. आठवण म्हणून खोखा खिशात घालणाऱ्याला तो मोजणीच्या दहा सूचनांपेक्षा हा तास अधिक आवरेल, कारण आपण काय उचलतो आहोत हे त्याला कळलेले असेल.

आपण बहुधा .२२ रायफल चालवतो. तिची पुंगळी सरळ नळीसारखी असते, आणि पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेत असल्याने ती पुन्हा भरण्याजोगी नसते. उस्तादांनी तिच्याशेजारी ५.५६ किंवा ७.६२ मिलिमीटरची एक झाडलेली पुंगळी ठेवावी. गळ्यावर चीर आहे का? काजळी एकाच बाजूला आहे का? तोंड चेपले आहे का? बुडावर कोणती अक्षरे, कोणते साल? रायफली घडवणारा कारखाना शेजारच्या तिरुचिरापल्लीत आहे. काडतुसे घडवणारा जळगाव जिल्ह्यातील वरणगावात, १९६४ पासून. ती अक्षरे त्या कामगारांची सही आहेत.

दोन मिनिटे पुरतात. मग खुशाल मोजा आणि जमा करा.