पाया जुना, इमारत नवी

मार्च 2024 मध्ये ‘एक्सझेड युटिल्स’ या लिनक्सवरील साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर ठेवलेली चोरवाट उघडकीस आली. सदोष आवृत्त्या तातडीने मागे घेण्यात आल्या आणि प्रकरण मिटले असे सर्वांना वाटले. तथापि ऑगस्ट 2025 मध्ये, डॉकर हबवरील डेबियनच्या काही जुन्या चाचणी इमेजेसमध्ये आणि त्यांच्या आधारे तयार झालेल्या इतर इमेजेसमध्येही तीच चोरवाट शिल्लक असल्याचे संशोधकांना आढळले.

याचे कारण कंटेनरच्या रचनेतच आहे. इमेज ही थरांची, गोठवलेली प्रत असते. तळाचा थर म्हणजे बेस इमेज. तिच्यात दुरुस्ती झाली, तरी तिच्यावर आधीच उभारलेल्या इमेजेसमध्ये ती आपोआप उतरत नाही. इमेज नव्याने बांधून पुन्हा तैनात करावी लागते. नावापुढे ‘लेटेस्ट’ लिहिल्याने धोका टळत नाही. एकदा उतरवून घेतलेली प्रत जुनीच राहते.

भारतात ‘सर्ट-इन’ने एप्रिल 2022 च्या निर्देशांद्वारे सायबर घटनांची माहिती 6 तासांत देणे बंधनकारक केले. ऑक्टोबर 2024 मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांच्या यादीविषयी, म्हणजे ‘एसबॉम’विषयी, मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या. दोन्ही पावले स्वागतार्हच आहेत. परंतु यादी दोष दाखवते, दूर करत नाही. आणि घटनेची खबर ही घटना घडून गेल्यानंतरचीच असते. या दोहोंच्या मधले काम, म्हणजे इमेजची नियमित पुनर्बांधणी, अनेक ठिकाणी कोणाच्याच वाट्याला आलेले नसते.

यावर संशोधकांचा एक आक्षेप रास्त आहे. बेस इमेज बदलली, तर जुन्या प्रयोगाचे निष्कर्ष पुन्हा जसेच्या तसे मिळतील याची शाश्वती राहत नाही. त्यावर उपाय आहे: मूळ इमेज तिच्या डायजेस्टसह संग्रहात जपावी, जालावर सेवा देणारी इमेज मात्र ठरावीक मुदतीने नव्याने बांधावी, तपासावी आणि मगच वापरात आणावी. संग्रह आणि सेवा यांची गल्लत झाली, की धोका सुरू होतो.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कंटेनर बांधायला शिकवले जाते. तो वेळोवेळी नव्याने बांधण्याची शिस्तही अभ्यासक्रमात यायला हवी. प्रत्येक इमेजला एक जबाबदार व्यक्ती आणि पुनर्बांधणीची एक तारीख, एवढी किमान अपेक्षा तरी सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या प्रत्येक संगणकसेवेकडून ठेवणे गैर नाही. दुरुस्ती उपलब्ध असूनही ती वापरात न आणणे ही तांत्रिक अडचण नव्हे. ती हेळसांड आहे.

#विज्ञानवार्ता #सायबरसुरक्षा