कळ सुटल्याची वर्दी

तालुक्याच्या गावी घरी बसून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मुंबईतील कचेरीच्या संगणकावर टंकलेखन करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मजकुरात जेव्हा एकच अक्षर सात-आठ वेळा उमटते, किंवा ‘पद’ लिहिताना ‘फध’ उमटते, तेव्हा निष्काळजीपणाचा ठपका जितक्या तत्परतेने ठेवला जातो, तितक्या तत्परतेने यंत्रणेच्या तपासणीचा हुकूम मात्र निघत नाही, हे मला सर्वथा अन्यायाचे वाटते.

कळ दाबणे ही आपल्या लेखी एकच क्रिया असली, तरी रिमोट डेस्कटॉपच्या व्यवहारात कळ दाबल्याची एक आणि सुटल्याची दुसरी अशा दोन स्वतंत्र वर्द्या पलीकडे रवाना होतात. टीसीपी पद्धतीत वाटेत हरवलेले पॅकेट पुन्हा पाठविले जाते खरे, परंतु ते पोचेपर्यंत त्याच्या मागची सारी पॅकेटे खोळंबून राहतात. आणि दाबल्याची वर्दी वेळेवर पोचून सुटल्याची तेवढी सेकंदभर अडकली, तर व्हीएनसी या रिमोट डेस्कटॉप-पद्धतीने जोडलेला लिनक्स संगणक, कळ अद्याप दाबलेलीच आहे अशा समजुतीने, तेच अक्षर पुनःपुन्हा उमटवीत राहतो. पलीकडच्या संगणकावर कळीची आपोआप होणारी पुनरावृत्ती बंद केली की हा उपद्रव थांबतो. त्यासाठी ‘एक्ससेट आर ऑफ’ ही एका ओळीची आज्ञा पुरते.

शिफ्टचे प्रकरण अधिक गंभीर आहे. शिफ्ट, कंट्रोल किंवा ऑल्ट दाबलेली असताना मध्येच दुसरी खिडकी उघडली, तर ती कळ सुटल्याची वर्दी दूरच्या संगणकाला पुष्कळदा मिळतच नाही, व तिचा अंमल तिकडे चालूच राहतो. इंग्रजी लिहिणाऱ्याच्या मजकुरात अशा वेळी मोठी अक्षरे येतात, शब्द तरी वाचता येतो. परंतु इन्स्क्रिप्ट या कीबोर्डमध्ये प-फ, द-ध, ग-घ या जोड्या एकेकाच कळीवर असून शिफ्टनेच विलग होत असल्यामुळे मराठी लिहिणाऱ्याचा शब्दच नष्ट होतो. दूरच्या खिडकीत येऊन दोन्ही बाजूंच्या शिफ्ट, कंट्रोल व ऑल्ट या कळा एकेकदा दाबून सोडाव्यात, म्हणजे अडकलेली कळ बहुधा मोकळी होते. अक्षरे सरसकट भलतीच येत असतील, तर पलीकडे कोणता कीबोर्ड निवडला आहे ते आधी पाहावे.

तपासणी अवघड नाही. तेच वाक्य प्रथम स्वतःच्या संगणकावर लिहून पाहावे. तिथे ते निर्दोष उमटले, तर कर्मचाऱ्याची बोटे आणि त्याचा कीबोर्ड दोन्ही दोषमुक्त झाले. मग दूरच्या संगणकाकडे पिंग काही मिनिटे चालू ठेवावे, मात्र सरासरीवर विसंबू नये. एक उत्तर ४० मिलिसेकंदांत आणि पुढचे ९०० मिलिसेकंदांत येते काय, हे पाहावे, कारण घात होतो तो या चढउताराने.

एमआयटीतील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मॉश’ या दूरच्या संगणकाच्या टर्मिनलवर काम करण्याच्या प्रणालीमध्ये, दाबलेले अक्षर संथ जोडणीवर आपल्याच पडद्यावर अधोरेखित दिसते आणि पलीकडून दुजोरा मिळताच रेघ नाहीशी होते. ही सोय केवळ टर्मिनलपुरती आहे हे मान्य. तथापि खराब जोडणी गृहीत धरून यंत्रणा रचता येते, हे तिने सिद्ध केले आहे. आपल्या कचेऱ्यांनी निदान एवढी तजवीज करावी, की लांबलचक मजकूर कर्मचाऱ्याने स्वतःच्या संगणकावर लिहून तयार झाल्यावरच पलीकडे चिकटवावा, आणि वरील तपासणी पूर्ण झाल्याविना टंकदोषाबद्दल कोणाकडूनही खुलासा मागविला जाऊ नये.