तेलाची वाटी ऊन करण्यापूर्वी



तापीच्या मुखाशी असलेल्या हजिऱ्यास पोलादाचे व जड यंत्रांचे कारखाने आहेत. पोटापाण्यासाठी खानदेश सोडून सुरतेकडे गेलेली आपली माणसे अशीच अंगमेहनतीची कामे करतात. ओझे उचलताना कंबर धरते, शिडी उतरताना घोटा मुरगळतो. मग त्याच रात्री सोबती तेलाची वाटी ऊन करतो व सुजेवर अंगठा दाबून चोळू लागतो. हेतू प्रेमाचा, परंतु परिणाम उलटा! ताज्या दुखापतीत आतील बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. चोळल्याने रक्तस्राव व सूज वाढते. पहिले दोनतीन दिवस विश्रांती घ्यावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा, पाय उंच ठेवावा. पाऊल टेकवतच नसेल, तर क्ष-किरणांनी हाडाची खात्री करून घ्यावी.

सूज ओसरल्यावर मात्र हलके मर्दन सुखावह होय. आखडलेले स्नायू सैल पडतात, वेदना काही काळ निवते, आणि तेवढ्या अवधीत व्यायाम साधतो. खरे बळ येते ते व्यायामानेच. (मालिशवाले रागावतील; रागावोत बापडे!)

गांधीजींनी १९४६ साली उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम स्थापिला; तो पुढे वाढविणारे मणिभाई देसाई सुरत जिल्ह्यातलेच. मर्दनास तेथील उपचारांत स्थान आहे.

आणखी एक. बरेच दिवस अंथरुणास खिळलेल्या माणसाची एकच पोटरी सुजून ऊन लागत असेल, तर ती मुळीच चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. अशा रुग्णास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.