उकिरड्याचे पांग कधी फिटणार?

बारा वर्षांनी उकिरड्याचेदेखील पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. देवनारच्या उकिरड्याला आता शंभर वर्षे होत आली. १९२७ सालापासून मुंबई आपले खरकटे तेथे नेऊन ओतत आली आहे. या ढिगाऱ्याचे पांग फेडण्याची बुद्धी महापालिकेला झाली ती २०२५ साली. तीही तेथील जमीन धारावीच्या पुनर्विकासासाठी देण्याचे ठरल्यावर! साचलेला १८५ लाख टन कचरा दूर करण्यासाठी तेव्हा २,३६८ कोटी रुपयांची निविदा निघाली. स्वच्छतेचा खर्च म्हणून या रकमेकडे पाहणे चूक होईल. तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या आळसाचा दंड आहे आणि तो करदात्याच्याच खिशातून जावयाचा आहे.

कचरा साचला की तो केवळ जागा अडवतो, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. मुंबईत दररोज सुमारे साडेसहा हजार टन कचरा निघतो व त्यात सत्तर टक्क्यांहून अधिक भाग अन्नाचा व ओल्या पदार्थांचा असतो. हे अन्न ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि त्यास हवा मिळेनाशी झाली, की ते कुजून मिथेन वायू निर्माण होतो. वीस वर्षांच्या हिशेबाने पाहिले तर पृथ्वी तापविण्याची या वायूची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक भरते. हाच वायू ज्वालाग्राही आहे. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटले तेव्हा त्याचा धूर उपग्रहांनी टिपला, आणि गोवंडी-चेंबूरच्या मुलांच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. खरकटे साऱ्या शहराचे. धूर मात्र उकिरड्याच्या कडेला राहणाऱ्या गरिबांच्या छातीत! हा कोठला न्याय?

यावर उपाय नाही असे नाही. इंदूर शहरात फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू निर्माण करणारा प्रकल्प सुरू झाला व त्या वायूवर शहराच्या बसगाड्या चालविण्याची योजना झाली. या प्रकल्पाचे भांडवल खाजगी कंपनीने घातले, हे सांगून आमचे काही मित्र म्हणतात, ‘मग सरकारी पैसा हवा कशाला?’ त्यांनी थोडे खोल जावे. यंत्र कंपनीने आणले. परंतु त्या यंत्राला लागणारा निवडलेला, निर्भेळ ओला कचरा घराघरांतून गोळा करण्याची घडी त्यापूर्वी काही वर्षे महापालिकेने बसविली होती. ती घडी नसती तर यंत्र गंजत पडले असते. पुण्यात ठिकठिकाणी उभारलेल्या लहान बायोगॅस प्रकल्पांपैकी कित्येक बंद तरी पडले किंवा निम्म्याशिम्म्या ताकदीने चालले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

त्याच पुण्याने दुसरा धडाही घालून दिला आहे. १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि या कष्टकरी स्त्रिया दारोदार जाऊन कचरा घेऊ लागल्या. कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक वेगळे काढून कारखान्याकडे परत पाठविण्याचे काम त्या करतात. ते जर शहराने पगारी नोकर ठेवून करावयाचे म्हटले, तर त्याचे बिल पाहून स्थायी समितीला घाम फुटेल!

म्हणून सार्वजनिक पैसा कोठे जावा, याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. ओला आणि सुका कचरा नेणाऱ्या गाड्या वेगळ्या हव्यात; घरात निवडलेला कचरा एकाच गाडीत कालविला जातो, हे पाहिल्यावर कोणती गृहिणी दुसऱ्या दिवशी तो निवडील? कचरावेचकांना निश्चित मोबदला, हातमोजे आणि विमा मिळावा. प्रत्येक विभागात खत वा वायू करण्याची सोय असावी, आणि अनुदान इमारतीच्या पायाभरणीवर न देता प्रत्यक्ष जिरविलेल्या टनांवर द्यावे. त्याच्याही आधी, खाण्याजोगे अन्न उपाशी माणसापर्यंत पोचावे. उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियम केंद्राने २०१९ मध्ये केले. मुंबईच्या डबेवाल्यांनी ‘रोटी बँक’ चालवून वाट दाखविली. हवी आहेत ती शीतपेट्यांची वाहने आणि थोडा राजाश्रय.

पैसा नाही, ही सबब मुंबईने तरी सांगू नये. २०२५-२६ साठी तिने ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प मांडला होता. मात्र सारा दोष सरकारच्या माथी मारून आपणासही मोकळे होता येणार नाही. २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले व त्यातील सुमारे साठ टक्के घरांतून गेले, असा संयुक्त राष्ट्रसंघाचा हिशेब आहे. म्हणजे उकिरड्याची सुरुवात आपल्या ताटापासून होते. शहराने पैसा द्यावा आणि नागरिकाने निवडलेला कचरा द्यावा. यांपैकी एकही देणे थकले, तर शंभर वर्षांनी आपली नातवंडे आणखी एका देवनारचा दंड भरीत बसतील.