‘कुमारी माता’ हा शब्दच टाका

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीच्या कोलाम आदिवासी पोडांवरच्या (वस्त्यांवरच्या) फसवल्या गेलेल्या मुलींना आपण वर्षानुवर्षं ‘कुमारी माता’ म्हणत आलो. शब्द सोज्वळ आहे. गुन्हेगार मात्र त्यात कुठेच नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यापुढे तिच्या संमतीला अर्थ नाही. मग लग्नाचं आमिष दाखवून पसार झालेल्याला शोधायचं कुणी? राज्यात अशा अत्याचारपीडितांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे: अर्थसाहाय्य, समुपदेशन, सगळं. पण तिचं दार गुन्हा नोंदवल्यावर उघडतं, आणि घरात कोलामी बोलणारी पोर ठाण्यात एकटी काय सांगणार? (आपल्याला तरी हे आपल्या मराठीतही सांगता आलं असतं का?) शासनाने कोलामी जाणणारी महिला कर्मचारी ठाण्यात नेमावी, फिर्याद पोडावर जाऊन घ्यावी. पुनर्वसनाच्या घोषणा त्यानंतर ऐकू.