आजा धावला, आम्हीही धावलो

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे नवरा-बायको मावळातल्या एका डोंगरवाटेच्या शर्यतीत उतरलो. शहरातल्या मॅरेथॉनसारखी ही डांबरी रस्त्यावरची शर्यत नव्हे. पायवाट, शेताचा बांध, ओढा, कातळ, चढ, उतार असे सगळे पायाखाली घालायचे. हल्ली याला ट्रेल रन म्हणतात. अंतर १० किलोमीटर, वेळ अडीच तास, आणि आमची वये पंचेचाळिशीच्या पुढची. वस्तीत बातमी फुटली तेव्हा लोक हसले. आईने तर सरळ विचारले, ''पोटासाठी धावता ते कमी पडतं का, म्हणून पैसे भरून धावायला निघालात?''

प्रश्न खोटा नव्हता. फी एका गॅस सिलिंडरहून जास्त होती. पुतण्याने ती आपल्या पहिल्या पगारातून भरली होती, म्हणून मागे फिरता येईना. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ''तुमचा आजाही धावायचा. पण हौसेनं नाही.''

वाचक बंधू-भगिनींनो, थोरांना हे सांगायला नको, पण मुलांना सांगितले पाहिजे. महारकीच्या कामांत सांगावा पोचवणे हे एक काम होते. गावात कोणी मेले की पाहुण्यांच्या गावी निरोप घेऊन जायचे. रात्र असो की पाऊस, नाही म्हणायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ही वतने रद्द करणारा कायदा झाला तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५८ साली. आमचा आजा या डोंगरांत धावला तो दुसऱ्याच्या हुकमाने. आईच्या त्या एका वाक्याने आमची शर्यत थट्टेची राहिली नाही.

तयारीला तीन महिने घेतले. आधी दवाखान्यात रक्तदाब आणि साखर तपासली. चाळिशी उलटलेल्यांनी ही पायरी चुकवू नये. पाळी सुटल्यावर इमारतीचे जिने चढलो-उतरलो. रविवारी विहारातली वंदना झाली की टेकडी गाठायचो. पहिल्या रविवारी दोन किलोमीटरमध्येच दम लागला. मग थोडे धावायचे, थोडे चालायचे, असे करत अंतर वाढवले.

शर्यतीच्या दिवशी पहिली चूक सुरुवातीलाच झाली. पोरे सुटली तसे आम्हीही सुटलो आणि पहिल्याच चढाला छाती भरून आली. तेव्हा पाहिले की कसलेले धावपटूही उभा चढ चालतच चढतात. त्यात कमीपणा नाही. उतारावर लांब ढांगा न टाकता लहान पावले टाकावीत. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार पेलतात. म्हणून खरे दुखणे उतारामुळे येते, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवते.

दुसरी चूक बुटांची. शर्यतीसाठी म्हणून नवे बूट आणले आणि अंगठ्याचे नख काळे पडले. पायात मुरलेले, तळाला पकड असलेले बूटच बरे. पाण्याचेही तंत्र आहे. तहान लागेल तसे प्यावे, सोबत मीठ-साखर घ्यावी. तासन् तास नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ उतरते आणि ते जिवावर बेतू शकते.

पाठीवर पातळ विंडचीटर आम्ही नेले होते. कोणी हसले, पण चीनमधली हकिगत आम्हाला ठाऊक होती. २२ मे २०२१ रोजी तिथल्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत एकाएकी गारा-वारा सुटला आणि २१ धावपटू थंडीने गेले. सहा जणांना वाचवले ते एका मेंढपाळाने, गुहेत नेऊन, शेकोटी पेटवून. डोंगर कोणाची पदके पाहत नाही. तिथे उपयोगी पडतो तो त्या डोंगरात राबणारा माणूस.

सातव्या किलोमीटरला हिचा घोटा मुरगळला. ही म्हणाली, ''तुम्ही जा पुढं, वेळेत पोचाल.'' तेवढ्यात मागून आलेली एक तरुण मुलगी थांबली. तिने पिशवीतून क्रेप बँडेज काढून पायाला बांधले, आपल्या बाटलीतले पाणी दिले आणि निघून गेली. नाव नाही विचारले, गाव नाही, आडनाव नाही. छातीवरचा नंबर तेवढा आमची ओळख होती. आमच्या आजाला याच मुलखात कोणी आपल्या भांड्याने पाणी दिले नसते. आम्ही दोघे तिथे क्षणभर काहीच बोललो नाही.

पुढचे तीन किलोमीटर एकमेकांच्या आधाराने चाललो. याच डोंगररांगांत भाजे-कार्ल्याची लेणी आहेत. वर्षावासाचे महिने सोडले तर भिक्खू वर्षभर पायीच फिरत. तेव्हा सावकाश चालणाऱ्यांचाही या वाटांवर हक्क आहे, अशी मनाची समजूत घातली. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा अडीच तासांवर सहा मिनिटे झाली होती. पदक मिळाले नाही. पुतण्या मात्र टाळ्या वाजवत उभा होता.

घरी आल्यावर आई तेलाची वाटी घेऊन बसली. मुरगळलेल्या जागी पहिले एक-दोन दिवस चोळू नये, पाय उंच ठेवून कापडातून बर्फ लावावा, हे तिला समजावले. तिने विचारले, ''मग मिळालं काय?'' आम्ही म्हणालो, ''काही नाही. सहा मिनिटं उशीर झाला.'' ती हसली. ''कुणी रागावलं का उशिरा आल्याबद्दल?'' ''नाही.'' ''मग झालं तर,'' म्हणाली आणि वाटी ठेवून दिली.

फी प्रत्येकाला परवडणार नाही, आणि तिची गरजही नाही. टेकडीला तिकीट नसते. आमच्या विहारातून आता रविवारी वंदनेनंतर दहा-बाराजण निघतात, त्यात चार मुली आहेत. तुमच्या वस्तीतूनही निघावे. मुलींना आधी घ्यावे. आणि वर पोचल्यावर मुलांना आजाची गोष्ट जरूर सांगावी.

जयभीम!