झाड कोणाच्या हाती द्यायचे?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारीचे गाव नव्या जागी वसले, तेव्हा घरांबरोबर अंगणेही नव्याने उभी करावी लागली. त्या सुमारास अंगणात लावलेला कडुनिंब आज तिशी ओलांडून गेला असेल. अशा झाडाच्या फांद्या छपरावर टेकतात, शेंडे विजेच्या तारांना भिडतात, आणि रोहिण्या तोंडावर आल्या की खाली राहणाऱ्या कुटुंबाच्या मनात धास्ती शिरते. ती निराधार म्हणता येणार नाही. ज्या गावाने एका पहाटे दगडमातीच्या भिंती माणसांवर कोसळताना पाहिल्या, त्याला डोक्यावरचे कोणतेही ओझे सहजी सोसत नाही. मग जवळच्या वखारीला निरोप जातो.

येथेच घोटाळा होतो. वखारवाला मजुरी मागत नाही, लाकूड नेतो. काम फुकटात झाले म्हणून घरधनी समाधानी असतो; परंतु ज्याचा मोबदला लाकडाच्या वजनावर ठरतो, त्याचा सल्ला छाटणीपेक्षा तोडीकडेच झुकणार, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? एक फांदी काढून भागले असते तेथे अर्धे झाड जाते आणि उरलेल्याचा शेंडा मारला जातो. शेंडा मारला की झाड निर्धोक होते, हा तर फारच जुना भ्रम. छाटलेल्या टोकांशी जे फोक झपाट्याने फुटतात त्यांची पकड वरवरची असते, खाली कूज शिरते, आणि काही वर्षांत त्याच छपरावर पूर्वीपेक्षा अधिक धोकादायक भार उभा राहतो. मोबदला पैशांत ठरवावा आणि लाकूड स्वतःकडे ठेवावे, एवढी एक अट घातली तरी निम्मे भोंदू परत जातील.

उरलेल्यांतून जाणकार कसा ओळखावा? अमेरिकेत 1924 साली स्थापन झालेली आणि आज आंतरराष्ट्रीय स्वरूप पावलेली वृक्षसंवर्धकांची एक संस्था परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे देते. औसा तालुक्यात तसा प्रमाणपत्रधारक शोधीत बसण्यात अर्थ नाही. येथे पारख कामावरूनच करावी लागेल. खरा जाणकार करवतीला हात घालण्याआधी बुंध्याभोवती फिरतो. मुळांशी माती उचलली आहे काय, आंब्याच्या खोडातून भिरुडाचा भुसा गळतो आहे काय, हे पाहतो. तारेजवळची फांदी असेल तर प्रथम वीजपुरवठा बंद करवून घेण्याचा आग्रह धरतो. जाड फांदी तो एका कापात पाडीत नाही. आधी खालून खाच, मग थोडे पुढे वरून काप, आणि शेवटी उरलेला खुंट, म्हणजे साल सोलवटत नाही. हा अखेरचा काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याबाहेर हवा. झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही, झाड ती आतल्या आत कोंडून ठेवते, हे अमेरिकन वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी दाखवून दिले. तो कडा कापला की ही कोंडण्याची शक्तीच क्षीण होते. मग वरून डांबर फासून उपयोग नाही.

काही वेळा योग्य सल्ला 'थांबा' एवढाच असतो. 2021 च्या सुमारास शेजारच्या तेलंगणात कडुनिंब शेंड्यांकडून वाळू लागले. ती बुरशीजन्य मर होती, आणि मेली असे वाटलेली पुष्कळ झाडे पुन्हा पालवली. तेथे घाईने कुऱ्हाड चालविणाऱ्याने जिवंत झाडेच पाडली असती.

कायद्याचे भानही त्या माणसाला हवे. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ ही घरोघरची झाडे आहेत. ती स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी लागते. ती विचारीत नाही त्या ठेकेदाराला अंगणात पाऊल ठेवू देऊ नये.

भूकंपानंतर या भागात गवंड्यांना भूकंपरोधक बांधकामाचे शिक्षण देण्यात आले, कारण भिंत कोण बांधतो यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, हे तेव्हा सर्वांना कळून चुकले होते. झाडावर चढणाऱ्या मजुराच्या वाट्याला मात्र असे शिक्षण अभावानेच येते. लातूरला कृषी महाविद्यालय आहे. ग्रामपंचायतीने गावातील चार होतकरू तरुण निवडून तेथे धाडावेत, दोर, करवत आणि सुरक्षापट्टा यांचा खर्च उचलावा, आणि त्यांची नावे व मजुरीचे दर पंचायतीच्या फलकावर लावावेत. हे काम पुढील रोहिण्यांपूर्वी होण्यासारखे आहे.